स्थळबिंदूंच्या पलीकडे

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून अंमलात आला आणि त्याने १९९४ च्या विद्यापीठ कायद्याची जागा घेतली, तरी जुन्या कायद्यातील एक कर्तव्य त्याने कायम ठेवले. ते म्हणजे प्रत्येक विद्यापीठाने आपल्या कार्यक्षेत्रासाठी दर पाच वर्षांचा बृहत् आराखडा तयार करणे. कार्यक्षेत्रातील कोणत्या भागात कोणत्या विद्याशाखेच्या शिक्षणाची गरज आहे, लोकसंख्या, दळणवळण आणि रोजगार यांचा विचार करता ती कशी भागवता येईल आणि त्यासाठी विद्यापीठाने काय करावे, याचा विचार या आराखड्यात अपेक्षित असतो. व्यवहारात मात्र त्याचा सर्वाधिक वाचला जाणारा भाग म्हणजे स्थळबिंदूंची यादी, म्हणजेच कोणत्या तालुक्यात, कोणत्या गावी कोणत्या प्रकारचे नवे महाविद्यालय काढता येईल हे सांगणारी यादी. यादीत गावाचे नाव असल्याशिवाय संस्थेला अर्ज करता येत नाही आणि अर्ज झाल्याशिवाय शासनाचे इरादापत्र मिळत नाही, त्यामुळे संस्थाचालक ती बारकाईने पाहतात आणि अधिसभेतही तिच्यावर हिरिरीने चर्चा होते. परंतु हे विद्यापीठ शेजारच्या विद्यापीठापेक्षा वेगळे काय करणार आहे, या प्रश्नाला त्या चर्चेत क्वचितच जागा मिळते.

हा प्रश्न धोरणात्मक नियोजनाचा आहे. दीर्घकालीन नियोजन आणि धोरणात्मक नियोजन या दोन गोष्टी एक नव्हेत. दीर्घकालीन नियोजनात आजचा कल पुढे वाढवून पाच-दहा वर्षांनी किती विद्यार्थी, किती वर्ग, किती इमारती लागतील याचा अंदाज बांधला जातो. धोरणात्मक नियोजनात साधने मर्यादित आहेत हे गृहीत धरून त्यांतली कोणती कशावर एकवटायची आणि कशावर खर्च करायची नाहीत, हे ठरवले जाते. या दुसऱ्या भागात, म्हणजे नकारात, नियोजनाची खरी कसोटी असते, कारण सर्व काही करण्याचा संकल्प कोणत्याही संस्थेला कागदावर उतरवता येतो आणि अशा संकल्पातून कोणत्याही दोन संस्थांमध्ये भेद निर्माण होत नाही. महाराष्ट्रातील विद्यापीठांची ध्येयवाक्ये आणि दृष्टिपत्रे शेजारी ठेवून वाचली तर हे सहज ध्यानात येते. गुणवत्ता, संशोधन, समाजाभिमुखता, कौशल्य आणि जागतिक दर्जा हे शब्द सगळीकडे आहेत आणि विद्यापीठाचे नाव झाकले तर तो मजकूर जळगावचा आहे, कोल्हापूरचा आहे की अमरावतीचा, हे सांगणे कठीण जाते.

या सारखेपणाचे मूळ विद्यापीठांच्या जन्मात आहे. १८५७ साली मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या तत्कालीन नमुन्यावर उभी होती. शिकवणे महाविद्यालयांचे काम आणि अभ्यासक्रम नेमून परीक्षा घेणे, पदव्या देणे हे विद्यापीठाचे काम, अशी ती वाटणी होती. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना स्वतः अध्यापन करण्याचा मार्ग मोकळा झाला, पण संलग्नतेची चौकट, म्हणजे शेकडो महाविद्यालयांनी एकाच विद्यापीठाचा अभ्यासक्रम शिकवायचा आणि त्याच्याच परीक्षेला विद्यार्थी बसवायचे ही पद्धत, तशीच राहिली आणि महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर निघालेल्या विद्यापीठांनीही तीच स्वीकारली. कार्यक्षेत्र फार मोठे झाले की त्याचे विभाजन करून नवे विद्यापीठ काढायचे, असा क्रम पुढे चालू राहिला आणि अशा विभाजनातून जन्मलेल्या विद्यापीठाला मूळ विद्यापीठाचीच महाविद्यालये, त्याचेच अभ्यासक्रम आणि त्याचीच परीक्षापद्धती वारशात मिळत गेली. पॉल डिमॅगिओ आणि वॉल्टर पॉवेल या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मांडलेली संस्थात्मक समरूपतेची संकल्पना येथे तंतोतंत लागू पडते. एका क्षेत्रातील संस्था सत्तेच्या सक्तीमुळे, अनिश्चिततेच्या काळात एकमेकींचे अनुकरण केल्यामुळे आणि त्यांतील व्यावसायिकांची घडण एकाच साच्यात झाल्यामुळे हळूहळू एकसारख्या होत जातात, असा त्या संकल्पनेचा आशय आहे. शासन निर्णय आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम ही सक्ती, नामांकित विद्यापीठाने सुरू केलेला अभ्यासक्रम दोन वर्षांत इतरत्र सुरू होणे हे अनुकरण, आणि अभ्यास मंडळांवर वर्षानुवर्षे त्याच वर्तुळातील प्राध्यापकांची नेमणूक होणे ही व्यावसायिक घडण, असे तिन्ही प्रवाह महाराष्ट्रात एकाच दिशेने वाहत आले आहेत.

वेगळेपणाची मागणी वरून झाली तेव्हा तिचेही असेच झाले. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजे नॅक, या १९९४ साली स्थापन झालेल्या संस्थेने आपल्या मूल्यांकनाच्या सात निकषांपैकी शेवटच्यात संस्थेचे वेगळेपण हा उपनिकष ठेवला आणि २०१७ च्या सुधारित चौकटीत विद्यापीठांसाठी एक हजारपैकी वीस गुण त्याला दिले. हेतू उत्तम होता. परंतु वेगळेपण हा स्वयंमूल्यमापन अहवालात भरायचा रकाना झाला की अहवाल लिहिणारी समिती आधीच चालू असलेल्या उपक्रमांतून एखादा निवडून त्याला वेगळेपणाचे नाव देते आणि पुढील मूल्यांकनापर्यंत त्याकडे पाहण्याचे कारण उरत नाही. ओळख ही आधी घेतलेल्या निर्णयांचा परिणाम असते, त्यामुळे अहवालाच्या वेळी ती शोधायला निघणाऱ्या संस्थेला ती सापडण्याची शक्यता कमीच असते.

महाराष्ट्रात ज्या थोड्या सार्वजनिक संस्थांना निर्विवाद ओळख लाभली, त्यांचा इतिहास याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेले महिला विद्यापीठ जपानमधील महिला विद्यापीठाच्या उदाहरणावरून सुचलेले होते, स्त्रियांना त्यांच्या मातृभाषेतून उच्च शिक्षण द्यायचे ही त्याची प्रतिज्ञा होती आणि १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी दिलेल्या पंधरा लाख रुपयांच्या देणगीने त्याचा पाया पक्का झाला. १९५१ मध्ये त्याला कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुरुषांसाठी शिक्षण नाही आणि अध्यापनाचे माध्यम इंग्रजी नाही, असे दोन स्पष्ट नकार त्या स्थापनेत होते. त्या काळी पदवीची बाजारातील किंमत इंग्रजीवर ठरत असताना हे नकार महागात पडणारे होते, आणि तरीही ते दिले गेले म्हणूनच आज शतकानंतरही त्या विद्यापीठाविषयी बोलताना ते कशासाठी आहे हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागाची, म्हणजे जुन्या पिढीच्या बोलण्यातील यूडीसीटीची, कथा याहून अधिक बोलकी आहे, कारण ती एका मोठ्या, सर्वसाधारण विद्यापीठाच्या पोटात घडली. १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झालेल्या या विभागाने आरंभी दोनच विषय घेतले, वस्त्र-रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. कापडगिरण्यांच्या शहरात विरंजन, रंगाई आणि छपाई यांचे शास्त्र जाणणाऱ्या माणसांची गरज समोर दिसत होती आणि विभागाने तीच आपली भूमी मानली. त्याचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन हे रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्रातील जगन्मान्य संशोधक होते आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही ते पहिले भारतीय संचालक झाले. त्याच विभागात शिकून तेथेच अध्यापन करणारे मनमोहन शर्मा हे लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळवणारे पहिले भारतीय अभियंता ठरले. तेल, औषधे, अन्न, बहुवारिके, रंग ही सारी क्षेत्रे विभागाने पुढे जोडली, पण प्रत्येक वेळी रसायन तंत्रज्ञानाच्या मूळ वर्तुळाला लागून असलेलेच क्षेत्र निवडले आणि उद्योगातील सल्लाकार्य, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या व संशोधन यांची एकमेकांशी सांगड घातली. या कथेचा शेवट मात्र विद्यापीठ-नियोजनाचा विचार करणाऱ्याला अस्वस्थ करणारा आहे, कारण हा विभाग टप्प्याटप्प्याने स्वायत्त होत गेला आणि २००८ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या नावाने अभिमत विद्यापीठ होऊन मुंबई विद्यापीठातून बाहेर पडला. संस्थेच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. भरतीपासून खरेदीपर्यंत सर्व विभागांना एकच नियम लावणाऱ्या व्यवस्थेत तिची वाढ खुंटली असती. पण सार्वजनिक विद्यापीठाला आपल्यातील सर्वांत ठळक गोष्ट आपल्यात ठेवता आली नाही, हे त्यातून दिसले आणि राज्याने त्यातून घेतलेला बोधही वेगळाच निघाला. नवी गरज दिसली की तिच्यासाठी नवे विद्यापीठ काढायचे, असा कल वाढत गेला. क्रीडा, कौशल्य यांसाठी स्वतंत्र विद्यापीठे झाली आणि ज्या रिद्धपुरात लीळाचरित्र रचले गेले तेथे मराठी भाषेचे विद्यापीठही आले. यांतील प्रत्येक निर्णयाला आपापले समर्थन आहे, तथापि जिल्ह्याजिल्ह्यांत विद्यार्थ्यांचा मोठा भार वाहणारी जुनी विद्यापीठे त्यामुळे अधिकच सर्वसाधारण होत जातात, याचा विचार फारसा झालेला नाही.

जुन्या साच्यातून बाहेर पडण्याचा एक संरचनात्मक प्रयत्न १९९० च्या दशकात झाला. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने, म्हणजे आजच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने, एकेका विषयाचे सुटे पदव्युत्तर विभाग न काढता संबंधित विषय एकत्र आणणाऱ्या प्रशाळा उभारल्या, आणि १९९४ मध्ये निघालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठानेही संकुलांच्या रूपाने तीच वाट धरली. थोड्या अध्यापकांत उपकरणे, ग्रंथालय आणि अभ्यासक्रम वाटून घेता येणे हा या रचनेचा मोठा लाभ होता.

पण रचना बदलली तरी विद्यापीठाने कोणते क्षेत्र आपले मानायचे हा प्रश्न उरतोच. आज त्या प्रश्नाचे सर्वांत जिवंत रूप पाहायचे असेल तर गडचिरोलीकडे पाहावे लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातून चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे वेगळे करून २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंच्यापासून नागपूर तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, एका गुणपत्रिकेसाठी तेथपर्यंत जावे लागणाऱ्या विद्यार्थ्याची सोय हे त्या स्थापनेचे एक स्वाभाविक कारण होते आणि ते कमी महत्त्वाचे नाही. परंतु सोय हे ओळखीचे कारण होऊ शकत नाही. ओळखीची सामग्री त्या भूमीत आहे. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. गोंडी आणि माडिया येथे घराघरांत बोलल्या जातात आणि त्यांच्या जोडीला मराठी, तेलुगू, छत्तीसगढी व पुनर्वसित कुटुंबांची बंगाली नांदते. माडिया गोंड आणि कोलाम यांची गणना विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत होते. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे जीवाश्मांचे उद्यान आहे, एटापल्ली तालुक्यात सुरजागडचे लोहखनिज आहे, शेजारच्या चंद्रपुरात कोळसा, औष्णिक वीज आणि ताडोबाचे जंगल आहे. जंगल राखणारी आणि जंगलाखालचे खनिज काढणारी अर्थव्यवस्था एकाच कार्यक्षेत्रात इतक्या निकट आलेली दुसरी जागा महाराष्ट्रात नाही, आणि त्या संघर्षाचा अभ्यास तेथील विद्यापीठाने केला नाही तर तो कोणी करायचा, हा प्रश्न रास्त आहे.

या संघर्षात सामूहिक वनहक्काचा विषय विशेष विचारात घेण्यासारखा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक वनवासी समुदायांना वैयक्तिक जमिनीच्या हक्काबरोबरच गावाच्या पारंपरिक सीमेतील वनसंपत्तीचे व्यवस्थापन, संरक्षण आणि वापर यांचा सामूहिक हक्क दिला, आणि धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. देशातील अशा हक्काची ती अगदी आरंभीची मान्यता होती. त्यानंतर जिल्ह्यातील कित्येक ग्रामसभांनी हा हक्क मिळवला आणि तेंदूपाने व बांबू यांचे लिलाव त्या स्वतः करू लागल्या. हक्क मिळाला की ग्रामसभेला वनव्यवस्थापनाचा आराखडा करावा लागतो, झाडांची मोजणी करावी लागते, व्यापाऱ्याशी करार करावा लागतो, कराचे विवरणपत्र भरावे लागते, मजुरीचा हिशेब आणि बँकेचे व्यवहार ठेवावे लागतात. म्हणजे वनशास्त्र, कायदा, लेखाकर्म, भूमापन आणि सार्वजनिक प्रशासन या पाच विषयांचे ज्ञान एका छोट्या गावाला एकाच वेळी लागते. पारंपरिक विद्यापीठात हे पाच विषय वेगवेगळ्या विद्याशाखांत विभागलेले असतात आणि एका विभागाचा प्राध्यापक दुसऱ्याच्या अभ्यास मंडळावर बसत नाही. गोंडवाना विद्यापीठाने ग्रामसभांच्या सक्षमीकरणाचे उपक्रम हाती घेतले, राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने स्थानिक वनोपजांवर आधारित उपजीविकेसाठी विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र उभारले आणि महाविद्यालयापर्यंत पोहोचू न शकणाऱ्यांसाठी गावातच पदवीचे वर्ग नेण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हा त्याने आपली ओळख कोठे आहे हे बरोबर हेरले, असेच म्हणावे लागेल.

हेरलेली गोष्ट नियोजनात उतरवणे ही मात्र पुढची आणि अधिक कठीण पायरी आहे. प्रकल्पाचा निधी ठरावीक मुदतीचा असतो, त्यावर नेमलेली माणसे कंत्राटी असतात, आणि प्रकल्प संपला की त्यांच्याबरोबर ते ज्ञानही निघून जाते. एखादे क्षेत्र विद्यापीठाचे झाले असे तेव्हाच म्हणता येते, जेव्हा त्यासाठी मंजूर आकृतिबंधात, म्हणजे शासनाने मान्य केलेल्या पदांच्या रचनेत, कायम पदे राखली जातात, त्याचा अभ्यासक्रम पदवीच्या श्रेयांकांत गणला जातो आणि त्यावरील पीएचडी प्रबंधांचे मार्गदर्शक विद्यापीठातच असतात. गोंडी आणि माडिया या भाषांचे अध्यासन निघेल की नाही, यापेक्षा त्या भाषा बोलणारा तरुण त्याच विद्यापीठात त्यांचे व्याकरण, कोश आणि शालेय पाठ्यपुस्तके तयार करण्याच्या पदावर कायम होईल की नाही, हा प्रश्न त्यामुळे अधिक महत्त्वाचा आहे.

सार्वजनिक विद्यापीठाने निवड करावी असे म्हटले की एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे: करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाला आपल्या कार्यक्षेत्रातील कोणत्याही विद्यार्थ्याला, तो मागतो तो विषय आमच्या ओळखीत बसत नाही, असे सांगण्याचा अधिकार कसा पोहोचतो? या आक्षेपाला कॅलिफोर्निया राज्याने १९६० मध्ये दिलेले उत्तर आजही अभ्यासनीय आहे. क्लार्क केर यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या तेथील उच्च शिक्षणाच्या आराखड्याने राज्यातील सार्वजनिक संस्थांचे तीन स्तर पाडले. संशोधन आणि पीएचडी यांची जबाबदारी कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे, अध्यापनप्रधान पदवी शिक्षणाची राज्य महाविद्यालयांकडे आणि सर्वांना प्रवेश देणाऱ्या दोन वर्षांच्या शिक्षणाची स्थानिक महाविद्यालयांकडे दिली, आणि खालच्या स्तरातून वरच्या स्तरात जाण्याची वाट खुली ठेवली. विद्यार्थ्याला काहीच नाकारले गेले नाही, नकार संस्थांनी आपापसांत वाटून घेतला. वेगळेपण ही एकट्या विद्यापीठाने साधायची गोष्ट नसून राज्यातील सर्व विद्यापीठांनी मिळून करायचा करार आहे, हे त्यातून स्पष्ट होते, आणि महाराष्ट्रातील सगळ्या बृहत् आराखड्यांना एकत्र मांडून पाहण्याचे काम ज्या राज्य आयोगाकडे कायद्याने सोपवले आहे त्याच्यापुढील खरे कार्य हेच आहे. ॲरिझोना राज्य विद्यापीठाचे उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाचे आहे. २००२ मध्ये अध्यक्ष झालेल्या मायकेल क्रो यांनी भूगर्भशास्त्र आणि खगोलशास्त्र यांसारखे सुटे विभाग मोडून नव्या संयुक्त प्रशाळा केल्या आणि २०१४ च्या सनदेत, आपण कोणाला वगळतो यावर नव्हे तर कोणाला सामावून घेतो आणि ते कसे यशस्वी होतात यावर आपले मोजमाप व्हावे, अशी भूमिका मांडली. प्रचंड विस्तार आणि कायम नसलेल्या अध्यापकांवरील भार यांबद्दल त्या प्रयोगावर टीकाही झाली आहे आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही, पण दोन दशकांहून अधिक काळ एकच नेतृत्व राहिल्यामुळे तेथे एक दिशा टिकली, हे नाकारता येत नाही.

महाराष्ट्रात कुलगुरूंचा कार्यकाळ पाच वर्षांचा असतो आणि त्याच विद्यापीठात फेरनियुक्तीची तरतूद नाही. पहिले वर्ष विद्यापीठ समजून घेण्यात जाते, शेवटच्या वर्षी नवे निर्णय थांबतात, मधला काळ परीक्षा, निकाल, न्यायालयीन प्रकरणे आणि भरतीच्या पत्रव्यवहारात सरतो. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाचे निकाल महिनोन्‌महिने रखडले तेव्हा संपूर्ण विद्यापीठाची परीक्षा केवळ त्या एका कामावरून झाली, हे पाहिलेल्या कोणत्याही प्रशासकाला परीक्षा विभाग सोडून दूरचा विचार करणे धोक्याचे वाटले तर नवल नाही. त्यात मंजूर अध्यापक पदांचा मोठा वाटा वर्षानुवर्षे रिक्त आहे आणि कित्येक विभाग तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या आधारे चालतात. पाच पदांच्या विभागात दोन कायम अध्यापक असताना कोणते क्षेत्र निवडायचे हा प्रश्न चर्चेलाच येत नाही, कारण पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या आवश्यक तासिका पूर्ण करण्यातच त्यांचे वर्ष संपते. रिक्त पदे भरणे ही त्यामुळे सेवाविषयक मागणी इतकीच न राहता धोरणात्मक नियोजनाची पहिली अट ठरते, आणि पदे भरताना जुन्या विभागवार वाटपाप्रमाणे ती भरायची की निवडलेल्या क्षेत्रांकडे त्यांतील काही वळवायची, हा निर्णय पुढील तीस वर्षांची ओळख ठरवून टाकतो, कारण नियुक्त झालेला अध्यापक साधारण तितका काळ तेथे राहतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने प्रत्येक संस्थेने संस्थात्मक विकास आराखडा करावा असे म्हटले आहे आणि संलग्नतेची पद्धत टप्प्याटप्प्याने, साधारण २०३५ पर्यंत, संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. महाविद्यालये स्वायत्त होऊन स्वतःच पदव्या देऊ लागली तर संलग्नता शुल्क आणि परीक्षा शुल्क हे विद्यापीठाच्या स्वतःच्या उत्पन्नाचे दोन मुख्य प्रवाह आटत जातील आणि त्याच वेळी परीक्षा विभागात गुंतलेली मोठी यंत्रणा मोकळी होईल. त्या यंत्रणेतील माणसे, इमारती आणि संगणक कशाकडे वळवायचे, उत्पन्नातील तूट राज्य शासन कोणत्या सूत्राने भरून देणार आणि त्या बदल्यात विद्यापीठाकडून कोणत्या क्षेत्रातील कामाची अपेक्षा धरणार, या तीन बाबींचा हिशेब पुढच्या बृहत् आराखड्यात मांडला गेला पाहिजे. स्वायत्त महाविद्यालयांची संख्या वाढत असलेल्या विद्यापीठांत तर तो आताच मांडायला हवा, कारण तेथे पहिली घट सुरू झालेली आहे.